भोवऱ्यावरचा आळ

रामचं शेगावात पंपांच्या मोटारींचं रिवायंडिंग, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरून द्यायचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जळालेले पंप घेऊन त्याच्याकडे येत. दुकानामागे भंगार पंपांचा ढीग साचला होता, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत त्या ढिगात एका कुत्रीनं पिल्लं दिली. काही लोकांनी नेली, काही रस्त्यावर गाड्यांखाली गेली. उरलेलं एक तपकिरी पिल्लू रामच्या मुलीनं, समीक्षानं, शाळेच्या ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

"घरात घ्यायचं नाही," तिची आई संजीवनी म्हणाली.

"माह्या सैपाकघरात यानं पाय ठेवला तं पाह्य," रामची आई सोजराबाई म्हणाली.

रामनं पिल्लासाठी एक रिकामं खोकं आणून ठेवलं. पोरगी आठवीत होती, एकुलती होती आणि हट्ट करणारी नव्हती. तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

पिल्लू एका जागी ठरत नसे. स्वतःचं शेपूट पकडायला अंगणात गरगर फिरायचं, चक्कर येऊन पडायचं, उठून पुन्हा फिरायचं. ते पाहून सोजराबाईच म्हणाली, "हा तं भोवरा आहे व माय." मग नाव तेच पडलं.

हिवाळा सरेपर्यंत भोवऱ्यानं घराची दाणादाण उडवली. संजीवनीच्या शिवणाच्या मशीनखालचे कपडे ओढून त्यानं एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही खाल्ली. एकदा तो रामचं तांब्याच्या तारेचं बंडल तोंडात धरून गल्लीभर पळाला. तार शेजारच्या भिमाबाईच्या मोगऱ्यात गुंतली आणि ती सोडवताना मोगऱ्याच्या दोन फांद्या मोडल्या. फाटक वाजलं की तो सुटलेल्या बाणासारखा धावायचा आणि येणाऱ्याच्या छातीवर पुढचे पाय टेकवायचा. दूधवाला तर फाटकाबाहेरूनच हाक मारू लागला. वैतागून संजीवनी त्याला रोज घराबाहेर काढायची आणि संध्याकाळी तो दिसला नाही की तीच दारात उभी राहून हाका मारायची.

सोजराबाई त्याला शिव्या देत देत सैपाकघराच्या उंबऱ्याशी बसून दुधात भाकर कुस्करून घालायची. एकदा त्यानं तिच्याही अंगावर उडी मारली होती. ती बाजेवर मागे बसली आणि हसली. राम मात्र घाबरला. आईचं वय झालं होतं. त्या दिवसापासून नियम झाला: आजी अंगणात असली की भोवऱ्याला बांधायचं, आणि ते काम समीक्षाचं.

उन्हाळा आला. मागच्या अंगणात बाजेवर कुरडया वाळू लागल्या. एका रविवारी रामनं विहिरीत बुडवून चालवायची एक पाणबुडी मोटार घरीच आणली, कारण तिच्या मालकाचा संत्र्याचा बगीचा सुकत होता आणि तो सारखे फोन करत होता. मागच्या ओट्यावर बसून रामनं मोटार उघडली. तिच्यातलं तेल डब्यात ओतताना डबा कलंडला. काळपट तेल फरशीवर पसरलं आणि पायरीपर्यंत ओघळलं. भुसा टाकून पुसून घ्यावं असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पुढच्या खोलीत फोन वाजला. मालकाचाच होता. राम बोलायला गेला आणि बोलत बसला.

मागून आईची किंकाळी आली.

तो धावत गेला तेव्हा सोजराबाई पायरीखाली आडवी पडली होती. कुरडयांचं ताट उलटं झालं होतं. भोवरा मोकळा होता आणि तिच्या तोंडाजवळ वाकून तिचा गाल चाटत होता. कुंपणावरून भिमाबाई डोकावली.

"पाडलं का बुडीले? मी म्हणतच होती, हे कुत्रं एक दिवस जीव घेईन."

रामनं ओट्याकडे पाहिलं. तेलात टाचेचा लांब ओरखडा उमटला होता. त्यानं भिमाबाईकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढंच. तोंडानं त्यानं काही सांगितलं नाही, पण त्या मान हलवण्याचा जो अर्थ होतो तो झाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आईला अकोल्याला नेलं, सळई टाकायचं ठरलं. कपडे आणि डबा न्यायला राम संध्याकाळी घरी परत आला, तेव्हा आधी मागच्या ओट्यावर गेला. गोणपाट आणि साबणाचं पाणी घेऊन त्यानं फरशी घासली, पायरी घासली, पुन्हा घासली. समीक्षा दारात उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, मीच सोडला होता त्याले," ती म्हणाली. "आजी झोपली होती, म्हणून सोडला. मले वाटलं नाही ती उठून येईन."

रामच्या हातात गोणपाट होतं. त्याच वेळी सांगता आलं असतं. शब्द तोंडाशी आले होते. पण आईचं ऑपरेशन व्हायचं होतं, गाडी बाहेर उभी होती, आणि त्याला वाटलं, एवढं पार पडू दे, मग सांगू.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू जेवून घे."

ऑपरेशन नीट झालं. पण आई घरी आली, तेव्हा ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ झाली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी कुत्र्याची चौकशी करी. दवाखान्यात जागून थकलेल्या संजीवनीनं एकदा रागाच्या भरात समीक्षाच्या पाठीत धपाटा घातला. "किती येळा सांगतलं होतं तुले, बांधत जाय म्हणून." समीक्षानं पाठही चोळली नाही. राम तिथेच बाजेवर बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधून झालेली नाडी त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली.

सोजराबाईला पडतानाचं काहीच आठवत नव्हतं. "पायाखालून काहीतरी सरकलं," एवढंच ती सांगे. "मांगं तो उड्या मारून राह्यला होता. त्याचाच धक्का लागला असन."

"आता हे कुत्रं घरात नको," संजीवनी म्हणाली. कोणी विरोध केला नाही. समीक्षानंसुद्धा नाही.

रामची धाकटी बहीण राखी संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिली होती. तिच्या नवऱ्याचं, राजकुमारचं, वांग्या-टमाट्यांचं शेत होतं आणि त्याला रानडुकरांसाठी कुत्रा हवाच होता. राम भोवऱ्याला मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन निघाला. भोवऱ्याला वाटलं फिरायला चाललो. वाटभर तो टाकीवर पाय रोवून वाऱ्याकडे तोंड करून उभा होता, कान मागे उडत होते, आणि मध्येच वळून तो रामची हनुवटी चाटत होता. शेतातल्या बाभळीला त्याला बांधून राम निघाला तेव्हाही तो शेपूट हलवत होता. राम परत येणार नाही हे त्याला कळायला वेळ लागला असेल. तेवढा वेळ राम तिथे थांबला नाही.

त्यानंतर घर शांत झालं.

समीक्षा शाळेतून आली की दप्तर ठेवून आजीच्या खोलीत जायची. आजीचे पाय चेपायची, तिचं शौचाचं भांडं काढायची, तिला वॉकर धरून चार पावलं चालवायची. मैत्रिणी फाटकाशी येऊन हाक मारायच्या, ती जायची नाही. आजी कण्हली की समीक्षाचा चेहरा पांढरा पडायचा. शेजारणी म्हणत, "काय गुणाची पोरगी आहे." रामला ते ऐकवत नसे. त्याला माहीत होतं की पोरगी गुणाची आहेच, पण हे गुण नव्हते. ती शिक्षा भोगत होती, आणि ती शिक्षा त्याची होती.

एकदा तो आईचं औषध घेऊन आला तेव्हा दाराशी थबकला. समीक्षानं आजीच्या पावलांवर डोकं टेकवलं होतं.

"आजी, माह्यामुळं झालं."

"अव नाही व बाई," सोजराबाई म्हणाली. "ते मुकं जनावर. त्याले का कळते? तू नको मनाले लावून घेऊ."

राम औषध बाहेरच्या टेबलावर ठेवून दुकानात निघून गेला. दिवसभर तो एका मोटारीत तार भरत बसला आणि संध्याकाळी ती चुकीची भरली हे कळल्यावर सगळी उपसून काढली.

त्यानं मनाशी वेगवेगळ्या समजुती काढल्या. तेल होतं हे खरं, पण कुत्र्यानंही धक्का दिलाच असेल. कोण पाहायला होतं? मोकळा तर तो होताच. काही दिवस त्याला ते खरं वाटू लागलं. लोकांना सांगताना तो "कुत्रं आडवं आलं" असंही म्हणू लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा जीभ अडखळली होती. पुढे अडखळेनाशी झाली, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

पाऊसकाळ संपला. कापूस फुटायला लागला तेव्हा राजकुमारचा फोन आला की पंप बंद पडला आहे, दुकानात आणायला गाडी नाही. राम अवजारं घेऊन निघाला. वाटभर त्यानं पंपाचाच विचार केला.

बाभळीखाली एक कुत्रा पडला होता. रामला आधी ओळखू आला नाही. वाढून लांब झाला होता, बरगड्या दिसत होत्या, आणि साखळीच्या पट्ट्याखाली मानेचे केस जाऊन कातडं लाल झालं होतं. साखळी फिरेल तेवढ्या गोलात गवताची काडी उरली नव्हती. जमीन तुळतुळीत झाली होती. राम जवळ आला तरी तो भुंकला नाही. मग नाकात वास गेला असावा. तो उठला. आधी विश्वास न बसल्यासारखा उभा राहिला, आणि मग साखळीच्या टोकापर्यंत झेपावला. साखळीनं त्याला मागे ओढून पाडलं, तो उठून पुन्हा झेपावला. त्याच्या घशातून जो आवाज निघत होता तो भुंकण्याचा नव्हता.

"याले सोडत नाही का कधी?" रामनं विचारलं.

"कसं सोडता भाऊ," राजकुमार म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. "बिबट येते वरतून. सोडला तं एका रातीत गायब होईन. अन् तुम्हीच सांगतलं होतं का अंगावर जाते म्हणून. लेकरं खेळतात इथी."

राखी चहा घेऊन आली. भोवरा एव्हाना रामच्या पायांत पोट टेकवून पडला होता आणि थरथरत होता.

"दादा, एक इचारू का?" राखी म्हणाली. "हा तं लय गरीब आहे. कोणाच्या वाटे जात नाही. आईले यानं कसं पाडलं?"

रामनं चहाचा कप हातात धरला होता. तो त्यानं न पिता खाली ठेवला.

"पंप पाहू दे आधी," तो म्हणाला.

पंप त्यानं दुरुस्त केला. निघताना भोवऱ्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. कुत्रा साखळीच्या टोकाशी उभा होता. या वेळी तो शेपूट हलवत नव्हता. राम निघणार हे त्याला कळलं होतं.

घरी पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. सोजराबाई मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, वॉकर शेजारी होता. ती शेंगा फोडत होती. राम तिच्यासमोर खाली बसला.

"आई, तुले कुत्र्यानं नाही पाडलं."

तिनं मान वर केली.

"मी इथी मोटार खोलली होती. तेल सांडलं. मी पुसलं नाही. त्याच्यावरून तुहा पाय घसरला. मंग मी येऊन पुसून टाकलं अन् कोणाले सांगतलं नाही."

सोजराबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. 

"तेल होतं?"

"हाव."

"मी तं रोज शिव्या घालत होती त्या मुक्याले," ती म्हणाली. "उठताना, बसताना. पाय ठणकला का त्याचं नाव घेऊन."

राम मान खाली घालून बसला होता. त्याला वाटत होतं ती ओरडेल. तिनं ओरडावं असं त्याला वाटत होतं.

"मी पडली ते पडली," ती म्हणाली. "म्हातारी हाडं, आज नाही तं उद्या मोडलीच असती. तेल काय, कोणाच्या हातून सांडत नाही? पण त्या पोरीले काहून जाळलं तू इतके दिवस? ती माहं भांडं उचलत होती राम, अन् तू पाहत होता."

सैपाकघराच्या दारात संजीवनी उभी होती. कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या हातात पोळीचं पीठ होतं.

"मारलं मी तिले," ती म्हणाली. "तुमच्यासमोर मारलं. तुम्ही तिथीच बसले होते."

"हाव."

ती वळली. आत गेली. पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

"तिले आज सांग," सोजराबाई म्हणाली. "आमच्या समोर नको. तू अन् ती."

समीक्षा शाळेतून आली. सायकल लावून ती नेहमीप्रमाणे आजीच्या खोलीकडे वळली, तर रामनं तिला मागच्या ओट्यावर बोलावलं. सांगताना त्यानं काही गाळलं नाही, काही झाकलं नाही. फोन कोणाचा होता, टाचेचा ओरखडा कुठे होता, भिमाबाई काय म्हणाली आणि आपण मान कशी हलवली, सगळं सांगितलं. समीक्षा पायरीवर बसून ऐकत होती. ती रडली नाही.

"तुम्ही गोणपाट घेऊन पुसत होते तवा मी पाहत होती," ती शेवटी म्हणाली. "मले वाटलं, आजी परत आली का तिचा पाय घसरू नये म्हणून पुसून राह्यले. मले तुमचं बरं वाटलं होतं तवा."

रामची नजर घासलेल्या फरशीवर गेली.

"मंग मी म्हटलं का मीच सोडला म्हणून. तवा तुम्ही काहून नाही सांगतलं?"

"हिंमत झाली नाही."

"अन् मंग?"

"मंग रोज उशीर होत गेला."

समीक्षानं पायरीवरचं शेंगांचं टरफल उचललं, बोटांनी त्याचा चुरा केला.

"भोवऱ्याले कधी आणायचं?" तिनं विचारलं.

रविवारी दोघं गेले. राजकुमारला राखीनंच समजावलं. गावातल्या एका घरी तयार कुत्रा होता, तो शेतावर आणायचं ठरलं. रामनं बहिणीलाही खरं काय ते सांगितलं. ती फक्त म्हणाली, "असं होय." परतीच्या वाटेवर भोवरा समीक्षाच्या मांडीवर होता. तो वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला नाही. तिच्या काखेत तोंड खुपसून पडून राहिला.

घरी आल्यावर त्याला अंगणात मोकळा सोडला. त्याला वर्ष होत आलं होतं. तो थोडा चालला आणि थांबला. पुढे कोणी अडवत नव्हतं, गळ्यात काही नव्हतं, तरी तो साखळीच्या लांबीएवढ्या गोलातच फिरत राहिला. समीक्षा गोलाच्या बाहेर उभी राहून हाक मारत होती. तो टोकाशी येऊन थबकायचा, तिच्याकडे पाहायचा आणि परत फिरायचा. सोजराबाई वॉकर टेकत टेकत ओट्यावर आली, ते पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

फाटक वाजलं तरी तो आता धावत नसे. दूधवाला आत येऊन दूध घालू लागला. "सुधारला गड्या," तो म्हणाला. संजीवनीनं दूध घेतलं आणि आत वळली.

भोवऱ्याच्या मानेची जखम पुसून संजीवनी रोज हळद-तेल लावायची. समीक्षाला ती दुसऱ्याच दिवशी जवळ घेऊन बसली होती. दोघी काय बोलल्या ते रामला कळलं नाही. समीक्षा पुन्हा मैत्रिणींकडे जाऊ लागली. रामशी ती कामापुरतं बोलायची. जेवायला वाढायची, चावी द्यायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. एकदा त्यानं तिला सायकलची चेन बसवून देऊ का विचारलं, तर म्हणाली, "बसवली मी." त्या आठवड्यात तिनं एकच गोष्ट सांगितली: "सकाळी त्याले तुम्ही फिरवायचं."

तेव्हापासून राम भोवऱ्याला घेऊन सकाळी निघू लागला. कोपऱ्यावर निवृत्त तलाठी पंजाबराव खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा वर केला.

"हा तोच नं बे राम, तुह्या मायले पाडणारा?"

"नाही काका. त्यानं नाही पाडलं. तेल माह्या हातून सांडलं होतं, त्याच्यावरून ती घसरली."

पंजाबराव हसले. "काय सांगतं. सगळ्या गल्लीले माहीत आहे. कुत्र्याले वाचवून राह्यला का आता?"

रामनं पुन्हा सांगितलं. पंजाबरावांनी ऐकून घेतलं आणि पेपर उलटला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कोणी तेच विचारलं, रामनं तेच सांगितलं. विचारणारे म्हणाले, तुमचा स्वभाव लय दयाळू आहे. ते ऐकून रामला शिवी खाल्ल्यासारखं झालं. खोटं एका मान हलवण्यानं गावभर गेलं होतं. खरं मात्र एकेका माणसाला धरून सांगावं लागत होतं, आणि तरी ते कोणाच्या अंगाला चिकटत नव्हतं.

एका सकाळी फाटक उघडताना मागून समीक्षा आली. ती त्याच्या शेजारी नाही, भोवऱ्याच्या शेजारी चालू लागली. पंजाबरावांच्या पाहुण्यानं तेच विचारलं, रामनं सांगितलं, पाहुणा "अरे बाप रे" म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर समीक्षा म्हणाली, "तुम्ही सगळ्यांले सांगता का असं?"

"जो इचारन त्याले."

"अन् जो इचारत नाही त्याले?"

राम चालता चालता थांबला. परतीच्या वाटेवर स्वतःचं घर आलं, पण तो फाटकाशी वळला नाही. भोवऱ्याचा पट्टा त्यानं समीक्षाच्या हातात दिला, एक घर पुढे गेला आणि भिमाबाईच्या दाराची कडी वाजवली.